माळावर फिरणारा ठिपका

सांगलीत विश्रामबागेत आमच्या घराच्या मागच्या गल्लीत ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ आहे. दर शनिवारी सकाळी मी तिथं म्हाताऱ्या माणसांना मोबाईल शिकवायला जायचे. आता जात नाही. पण चार वर्षं गेले आणि मन लावून शिकवलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की बाईला या यंत्रांतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. कॉलेजात पोरांना संगणक शिकवण्यात माझी आजवरची सगळी नोकरी गेलीय.

शिकवताना माझा आवाज चढतो. "काका, तिसऱ्यांदा सांगतेय, बोट दाबून धरायचं नाही, नुसतं टेकवायचं," असं मी खेकसायचे आणि काका हसत हसत पुन्हा दाबून धरायचे. तरी माणसं यायची, कारण फायदा व्हायचा. एका निवृत्त मास्तरांना डोळ्यांमुळं पेपर वाचता येत नव्हता. सून वाचून दाखवायची, पण तिला वेळ कुठला असणार. मी त्यांच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली. मास्तर अर्धा तास मान वर न करता वाचत बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, अग्रलेख फारच टुकार लिहायला लागलेत हो हल्ली." एका आजींची बहीण फलटणला अंथरुणाला खिळलेली. दोघींची व्हिडिओवर गाठ घालून दिली. पहिल्या दिवशी दोघी नुसत्या एकमेकींकडं बघत राहिल्या, बोलायचं सुचेना. दुसऱ्या दिवसापासनं रोज भांडायला लागल्या, अगदी लहानपणीच्या बाहुलीवरून. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही.

मंडळात माझं कौतुक व्हायचं आणि मला ते लय आवडायचं. त्या भरात मी एक वाक्य हमखास टाकायचे, की मुलं लांब असली म्हणून काय झालं, आता ती तुम्हाला रोज बघू शकतात. ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

माझे वडील, आबा, साताऱ्याच्या माण तालुक्यात राहायचे. दहिवडीच्या पुढं, म्हसवडच्या अलीकडं, एका वस्तीवर. सांगलीहून विटा, मायणी करत गाडीनं तीन तास तरी लागतात. आम्ही धनगर. आबांचं उभं आयुष्य मेंढरांच्या मागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कोकणाकडं उतरायचं, पाऊस तोंडावर आला की माघारी फिरायचं. माझा जन्मही वाटेतच झाला. गाव कुठलं ते आईला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. मला मात्र आबांनी सहाव्या वर्षी सांगलीत वसतिगृहात टाकलं. शीक म्हणाले, आणि मेंढरं हाकत निघून गेले.

पन्नाशी उलटल्यावर आबांनी माळाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. दगडाच्या भिंती, वर पत्रा. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला रोज एकाच जागी डोळे उघडायला मिळाले. भिंत सारवायची, दार रंगवायचं, पत्र्याला डांबर लावायचं, हे सगळं ते कुणाला हात लावू न देता स्वतः करायचे. आई गेल्यावर ते एकटेच राहिले. मी एकुलती एक. हाकेच्या अंतरावर चुलतीचं घर. चुलता केव्हाच गेलेला. आबांकडं आठ मेंढरं उरली होती, त्यांच्या म्होरं चालणारी एक म्हातारी मेंढी धरून. चुलतीकडं पाच शेळ्या.

आबा तिचे थोरले दीर, ते तिला धाकटी म्हणायचे. आमच्यात थोरला दीर सासऱ्याच्या जागी. चुलतीनं चाळीस वर्षं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, नजरेला नजर देऊन बोलली नाही आणि ते एकटे असताना घराच्या आत पाऊल टाकलं नाही. पण रोज सकाळी चहाचा पेला घेऊन ती त्यांच्या दारात यायची. उंबऱ्यावर पेला ठेवायची, बांगड्या वाजवायची आणि वळायची. आबा पेला उचलायचे. मग मेंढरं सोडताना ते हाळी द्यायचे, ती तिला चुलीपाशी ऐकू यायची. याला त्या दोघांनी कधी विचारपूस म्हटलं नसेल.

दोन वर्षांमागं आबांना म्हसवडच्या बाजारात चक्कर आली. कुणीतरी बसवलं, पाणी पाजलं, वस्तीवर आणून सोडलं. मला कळलं पाच दिवसांनी, तेही चुलतीकडून. मी तशीच गाडी काढून गेले आणि घरात शिरल्या शिरल्या तोंड सोडलं.

"आबा, आवरा. सांगलीला चला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? इथं मरून पडलात तर कुणाला पत्ता लागायचा नाही."

आबा भाकरी कुस्करत होते. कुस्करून झाल्यावर म्हणाले, "लय चाललो बाय जन्मभर. आता हलवू नगंस मला. हितंच ऱ्हाऊ दे."

या माणसानं माझ्याकडं त्याआधी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. पण मी ऐकणारी नव्हते. तुमचा हट्ट आणि माझा जीव टांगणीला, असलं बरंच काही बोलले. ते खाली मान घालून जेवत राहिले. मी तणतणत सांगलीला आले आणि घरी आल्यावर तोड सुचली. मला तर ती तोडच वाटली.

मी एक यंत्र मागवलं. काडेपेटीएवढं, गोफात अडकवून गळ्यात घालायचं. आत सिमकार्ड, त्यामुळं माणूस कुठं आहे ते माझ्या फोनवरच्या नकाशात निळ्या ठिपक्यानं दिसायचं. मधोमध लाल बटण, ते दाबलं की मला फोन. सकाळी नऊपर्यंत ठिपका जागचा हलला नाही तर माझ्या फोनवर गजर वाजेल, अशी सोयही मी करून घेतली. पुढच्या रविवारी जाऊन ते आबांच्या गळ्यात घातलं, चार्ज कसं करायचं ते दाखवलं, सगळं तीनदा समजावलं. आणि अट घातली.

"हे गळ्यात आहे तोवर तुमी इथं," मी म्हणाले. "पण आबा, एकदा जरी पडलात, तर गाडी आणून तुमाला घेऊन जाणार. मग मी एक शब्द ऐकणार नाही. कबूल?"

आबांनी गळ्यातलं यंत्र उचलून बघितलं, खाली सोडलं, मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं. "कबूल," म्हणाले.

पहिल्या आठवड्यात त्या बटणानं वात आणला. दिवसातून तीन-तीनदा फोन यायचा. मी वर्ग टाकून बाहेर पळायचे आणि आबांना फोन लावायचे. "न्हाई गं, चुकून दाबलं आसंल," आबा म्हणायचे. "चुकून कसं दाबतं आबा? जोर लागतो त्याला." "आसंल बाय." एका दिवशी कॉलेजात तपासणीला बाहेरची माणसं आलेली असताना तो चारदा वाजला. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मी ते बटणच बंद करून टाकलं. ठिपका दिसतोय तेवढं पुरे झालं म्हटलं.

आणि ठिपका खरंच झकास दिसायचा. सकाळी सातच्या सुमारास घरापासनं निघायचा, माळावर चढायचा, ओढ्याच्या कडेनं फिरायचा, दुपारी एका जागी सावलीला थांबायचा, दिवस मावळताना परत. मी तो मंडळात सगळ्यांना दाखवायचे. "बघा, माझे वडील. ऐंशीच्या घरात आहेत. रोज एवढा माळ तुडवतात." सगळे माना डोलवायचे. एका काकांनी ते बघून तिथल्या तिथं परदेशातल्या मुलाला फोन लावला, की मलापण असलंच एक पाठव.

पूर्वी मी आबांना रोज संध्याकाळी फोन करायचे. बोलणं काय असायचं, जेवला का, जेवलो. बरं हाय का, बरं हाय. ठिपका आल्यावर ते दोन दिवसांआड झालं, मग आठवड्यावर गेलं. मी काही ठरवून केलं नाही. दिसतायत की, असं वाटायचं आणि राहून जायचं.

चुलतीलाही मीच सांगितलं. "काकी, आता तुमी सकाळी उठून चहा घेऊन धडपडत जाऊ नका. तुमचे गुडघे दुखतात. मला सगळं फोनात दिसतंय." काळजीनं बोलले खरं, पण त्यात मोठेपणाही होता, आणि तो तिला ऐकू गेला असणार. तिनं पदर पुढं ओढला. "बरं बाय," म्हणाली. "तुला दिसतंय म्हंजी झालं." दुसऱ्या दिवसापासनं तिनं चहा बंद केला. आबा आपला आपण चहा करून प्यायला लागले.

महिन्यातून एकदा मी जायचे, आदल्या दिवशी कळवून. यंत्र आबांच्या गळ्यात असायचं, चार्ज केलेलं. गोफाला मेंढरांचा वास यायचा, पण तसा तो आबांच्या सगळ्याच वस्तूंना यायचा. मी नवा गोफ घालून दिला, औषधं भरून ठेवली आणि परत आले.

मग ती थंडी आली. गुरुवार होता. सकाळी कॉलेजात पोचल्यावर फोन उघडून बघितला तर ठिपका नुकताच निघाला होता, रोजच्यापेक्षा तासभर उशिरा. थंडीनं आळस केला असेल म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी मेथी निवडता निवडता वाटलं, बरेच दिवस झाले, बोलावं. बऱ्याच रिंग गेल्यावर आबांनी उचलला.

"काय करताय?"

"काय न्हाई."

"आज माळावर जायला उशीर झाला वाटतं."

आबा जरा थांबले. "व्हय. झाला जरा."

"आत्ताच आलात ना? मला दिसलं."

"आत्ताच."

"जेवलात?"

"जेवलो."

"आवाज असा का येतोय?"

"सर्दी हाय. थंडी लय पडलीया हितं."

"मग घोंगडं घ्या की अंगावर. नुसते बसून राहता."

"घेतो. बरा हाय मी. ठिव."

मी ठेवला. मेथी निवडून झाली, भाजी झाली, आमचे हे आले, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला चुलतीचा फोन आला. चुलती कधी आपणहून फोन करत नाही.

"बाय, भावजी पडल्यात," म्हणाली. "लौकर ये."

आता जे मी केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी तिचं बोलणं चालू असतानाच नकाशा उघडला. ठिपका घराच्या शेजारी, मेंढरांच्या वाघरीत होता. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, सांजचं मेंढरं त्यात कोंडतात. ठिपका थोडा थोडा हलत होता.

"काकी, उगीच घाबरवू नका," मी म्हणाले. "ते वाघरीत आहेत. हलतायत. मला दिसतंय."

"आगं, घरात हायत."

"वाघरीत आहेत काकी. जरा जाऊन नीट बघा, मग फोन करा."

चुलती मग हळू आवाजात म्हणाली, "बाय, त्येंचं डोस्कं माझ्या मांडीवर हाय."

चुलती थोरल्या दिराचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय म्हटल्यावर काय झालं असेल ते मला कुणी फोडून सांगायला नको होतं. तरीही माझ्या तोंडून निघालं, "मग वाघरीत कोण आहे?"

"त्ये तुझं यंत्र व्हय? त्ये म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात आसतंय की. तुला ठावं न्हाई?"

आबा मोरीच्या दगडावरनं घसरले होते. खुबा मोडला होता. दहिवडीच्या डॉक्टरांनी बघून सांगलीला पाठवलं. चुलती अँब्युलन्समध्ये त्यांच्याबरोबर बसून आली, तिच्या जन्मात पहिल्यांदा सांगलीला. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा दवाखान्यातल्या बाकड्यावर तिनं मला एकेक करून सगळं सांगितलं.

यंत्र पहिल्याच आठवड्यापासनं मेंढीच्या गळ्यात होतं. मी यायची असले की आबा ते सोडवून, पुसून स्वतःच्या गळ्यात घालायचे आणि मी गेले की परत बांधायचे. चुलतीनं एकदा पाठमोरी राहूनच विचारलं होतं, आवं आसं का म्हणून. आबा म्हणाले होते, "गळ्यात बांधायचं त्ये जनावराच्या. माणसाच्या गळ्यात कशापायी? आन् तिला येवढंच बघायचंय न्हवं, मी उठलो का न्हाई? मेंढी माळाला गेली म्हंजी मी उठलो. तिला सोडणारा मीच न्हवं का? ज्या दिशी मेंढी जागची हलायची न्हाई, त्या दिशी कळंल तिला."

मी संगणक शिकवते. यात चूक काढायची म्हटली असती तर मला काढता आली नसती. मी नऊचा गजर लावला तो तरी दुसरं काय समजून लावला होता. त्यांनी माझ्या यंत्राला फसवलं नव्हतं, आपल्या रीतीनं कामाला लावलं होतं. आणि लाल बटण कोण दाबत होतं तेही बाकड्यावर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं. मेंढी बाभळीला मान खाजवत होती. मी तिच्या फोनवर वर्ग टाकून पळत होते. मला हसू आलं आणि चुलतीनं माझ्याकडं असं बघितलं की मी तोंडावर हात धरला. मग रडूच आलं.

गुरुवारी पहाटे आबा पडले. हाळी आली नाही. मेंढरं आठपर्यंत वाघरीत ओरडत होती. आदल्या दिवशी आबा कुणाशीतरी बोलताना म्हणाले होते, दहिवडीला डोळे दाखवायला जायचंय. चुलतीला वाटलं, पहिल्या एसटीनं गेले असतील. मुकी जनावरं उपाशी राहिलेली तिला बघवेना. तिनं वाघर सोडली आणि आपल्या शेळ्यांबरोबर मेंढरं माळाला नेली. गजर व्हायला अजून तास होता तेव्हा. संध्याकाळी आणून परत कोंडली. दार सकाळी होतं तसंच लोटलेलं होतं.

"सांजच्याला माज्या मनात आलंतं बघावं," चुलती म्हणाली. "दोनदा दारापातूर गेली. पर दार लावल्यालं, म्हणलं आलं आसतील माघारी, एकला बाप्या माणूस आत. आन् म्हणलं, बाय तर बघतीया. काय इपरीत आसतं तर तिनं फोन केला आसता."

ती मला दोष देत नव्हती. खरंच तसं समजून ती माघारी वळली होती. मी चहा बंद केला नसता तर गुरुवारी सकाळी तो पेला उंबऱ्यावर तसाच राहिला असता, आणि तिनं घटकाभरात चार माणसं गोळा केली असती. हे तिलाही कळत होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "काय खाल्लंस का सकाळधरनं?"

डॉक्टर बाहेर आले, ऑपरेशन नीट झालं म्हणाले आणि विचारलं, नक्की कधी पडले? चुलतीनं सांगितलं, गुरुवारी पहाटे. शुक्रवारी सकाळी दुसऱ्यांदा हाळी आली नाही तेव्हा तिनं दार ढकललं. मी मनात तास मोजले आणि मोजता मोजता मध्येच ती मेथी आली. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आबा गार फरशीवर मोडलेल्या खुब्यानं पडलेले होते. फोन अंगातल्या कोपरीच्या आतल्या खिशात होता. तो काढून, कानाला लावून, ते माझ्याशी बोलले होते. जेवलो म्हणाले होते. मी त्यांना घोंगडं घ्या म्हणून दटावलं होतं.

डॉक्टरांना मी विचारलं, असं कसं झालं असेल? ते म्हणाले, म्हातारी माणसं एवढ्या थंडीत, एवढ्या वेदनेत बरळतात, भान नसतं. मी ते धरून बसले. कुणीही विचारलं की मी सांगायचे, शुद्धीवर नव्हते हो, काय बोलत होते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. सांगून सांगून मला तोंडपाठ झालं.

आता आबा विश्रामबागेत आमच्याकडं असतात. त्यांच्या खोलीत मी सगळं करून घेतलंय. बटणानं वरखाली होणारा पलंग आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत. औषधाचा डबा वेळ झाली की मराठीत बोलतो. कानातलं यंत्र नवं आणलंय, त्यामुळं आता शेजारच्या फ्लॅटचा टीव्हीसुद्धा ऐकू येतो. कोपऱ्यात कॅमेरा आहे, मी कॉलेजातून बघू शकते. आणि या वेळी सगळं जसं चालायला पाहिजे तसं चालतं, एकही गोष्ट बिघडत नाही. डबा बोलला की आबा तोंड उघडतात. चला म्हटलं की वॉकर धरून चालतात. जेवायला काय करू विचारलं की म्हणतात, कायबी. कॅमेऱ्यात मला ते पलंगाच्या कडेवर बसलेले दिसतात. दहाला बघितलं तरी तसेच, बाराला बघितलं तरी तसेच. कधी कधी वाटतं, फोन अडकलाय, चित्र पुढं सरकत नाही. मग ते पायाचा अंगठा हलवतात.

चुलतीनं मेंढरं आपल्याकडं घेतलीत. मी तिला व्हिडिओ कॉल करायला शिकवलं. एकदा तिनं आबांना वस्ती दाखवली. थोरल्या दिराला तोंड कसं दाखवायचं म्हणून ती फोन उलटा धरून चालत होती, त्यामुळं आम्हाला आधी तिचे पाय दिसले, मग शेण, मग दगड, मग एकदम आबांचं घर. दाराला कुलूप होतं. पत्र्यावर पाचोळा साठला होता. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "बंद कर," म्हणाले. त्यानंतर मी दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा नगं म्हणाले.

मंडळाचे लोक मला परत बोलवायला आले होते. नवीन बरेच जण आलेत मॅडम, सगळे तुमचीच वाट बघतायत म्हणाले. मी वडिलांचं कारण सांगितलं. ते आत जाऊन आबांना भेटले, खोली बघून थक्क झाले आणि जाताना म्हणाले, तुमचे वडील नशीबवान. मी दार लावून घेतलं.

गेल्या रविवारी दुपारी मी आबांची नखं कापत होते. ऊन खिडकीतून त्यांच्या मांडीवर आलं होतं. डावा हात झाला आणि काय झालं कुणास ठाऊक, मी विचारून बसले.

"आबा, त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तुमी पडलेलेच होता ना?"

"व्हय."

"शुद्ध होती?"

"व्हती की. तू म्हणलीस मला दिसलं, तवा कळलं, धाकटीनं मेंढरं सोडली. म्हणलं बरं झालं, जनावरं उपाशी न्हाईत."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला, मंडळात चढायचा तसाच. "मी तीन तासांत आले असते आबा."

"आली आसतीस," आबा म्हणाले. "म्हणून तर न्हाई सांगितलं. आली आसतीस आन् मला उचलून आणलं आसतंस."

आबा उन्हातल्या आपल्या हाताकडं बघत होते.

"दुकत लय व्हतं," ते म्हणाले. "पर घरात व्हतो. न सांगता आनी एक दिस गावला मला तितं."

आणि त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला.